बागेतील गवत कापण्याचे यंत्र : निवड कशी करावी ?

कोकणातील आंबा-काजूच्या बागांतून भाद्रपद सरत आला म्हणजे गवत कमरेइतके वाढलेले दिसते. तोपर्यंत ते निरुपद्रवी असते; किंबहुना पावसाच्या माऱ्यापासून उतारावरील माती धरून ठेवण्याचे काम ते करीत असते. परंतु दिवाळीनंतर हेच गवत वाळून पिवळे पडते आणि मग पावसाळ्यापर्यंत बागेच्या डोक्यावर वणव्याचे भय टांगलेले राहते. रस्त्याकडेला टाकलेले विडीचे थोटूक, शेजारच्या माळावर लावलेली आग किंवा वाऱ्याने एकमेकींवर आपटलेल्या विजेच्या तारांची ठिणगी यांपैकी एक कारण पुरे होते. दहा-पंधरा वर्षे पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेली कलमे एका दुपारात होरपळून जातात. यास्तव बागेची बेणणी हे केवळ स्वच्छतेचे काम नसून बागेच्या रक्षणाचे काम होय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

पूर्वी ही बेणणी विळा आणि कोयतीने होत असे. आता वेळेवर माणसे मिळत नाहीत, आणि मिळाली तरी सर्वांच्या बागा एकाच महिन्यात तयार होत असल्यामुळे ती पुरत नाहीत. साहजिकच शेतकरी यंत्राकडे वळतो. मात्र दुकानात गेल्यावर तो बहुधा दोनच प्रश्न विचारतो : यंत्र किती ताकदीचे आहे, आणि त्याची किंमत काय ? वास्तविक पहिला प्रश्न यंत्राविषयी नसून जमिनीविषयी असावयास हवा. जमिनीचा उतार किती, दगड किती, झाडांमधील अंतर किती, गवत कोणत्या जातीचे व किती उंच, आणि ते किती दिवसांत कापून झाले पाहिजे, या पाच गोष्टी निश्चित झाल्या म्हणजे यंत्राची निवड जवळजवळ आपोआप होते. त्या निश्चित न करता घेतलेले यंत्र, मग ते कितीही उत्तम असो, दुसऱ्या वर्षी पडवीत धूळ खात पडते.

यंत्रांचे मुख्य प्रकार

गवत कापण्याच्या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील एडविन बडिंग या कारागिराने १८३० साली हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र तयार केले. कापडावरील लव कातरण्याच्या गिरणीतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. फिरत्या नायलॉनच्या दोरीने गवत तोडण्याची युक्ती अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी जॉर्ज बॅलस यांनी १९७१ साली काढली. आज बाजारात दिसणारी यंत्रे स्थूलमानाने तीन वर्गांत मोडतात.

पहिला वर्ग अंगावर घेऊन चालविण्याच्या यंत्रांचा. लांब दांड्याच्या टोकाशी फिरणारे पाते अथवा नायलॉनची दोरी असून इंजिन दांड्याच्या दुसऱ्या टोकाला किंवा पाठीवर असते. कोकणात यालाच सर्रास ग्रासकटर म्हणतात. दुसरा वर्ग मागून चालत ढकलावयाच्या चाकांच्या यंत्रांचा. यात पाते लोखंडी टोपाखाली आडवे फिरते. तिसरा वर्ग वर बसून चालविण्याच्या यंत्रांचा होय. या वर्गातील एक यंत्र सध्या चित्रफितींतून अनेकांच्या पाहण्यात येते व त्याविषयी वारंवार विचारणा होते. म्हणून त्याचा विचार प्रथम करणे इष्ट ठरेल.

जागच्या जागी वळणारे यंत्र

हे यंत्र ‘झीरो-टर्न’ या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील मिसुरी राज्यात मॅक्स स्विशर यांनी १९४९ साली जागच्या जागी वळणारे पहिले यंत्र बनविले, आणि कॅन्सस राज्यातील जॉन रेगिअर यांनी १९६३ च्या सुमारास त्याला दोन दांड्यांनी चालविण्याची आजची पद्धत दिली. त्याची रचना समजून घेतली म्हणजे त्याचे गुण व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. मागील दोन चाकांना स्वतंत्र गती मिळते आणि प्रत्येक चाकासाठी चालकाच्या हाती एक दांडा असतो. दोन्ही दांडे सारखे पुढे ढकलले की यंत्र सरळ जाते. एक पुढे व एक मागे केला की एक चाक पुढे, दुसरे मागे फिरते आणि यंत्र भोवऱ्यासारखे जागीच वळते. पुढील दोन चाके पलंगाच्या चाकांप्रमाणे मोकळी असतात. त्यांना सुकाणू नसते.

सपाट, स्वच्छ व मोठ्या हिरवळीवर या यंत्राला तोड नाही. अमेरिकेत घराभोवती एक-दोन एकर सपाट हिरवळ राखणारे कुटुंब ते घेते, यात नवल नाही. तेथेही निवडीचे नियम ठरलेले आहेत. पात्याच्या टोपाची रुंदी ४२ इंचांपासून ६० इंचांपर्यंत मिळते. परंतु घराच्या फाटकातून किंवा दोन झाडांमधून जाण्याची सर्वात अरुंद वाट जितकी असेल, तिच्यापेक्षा रुंद यंत्र घेऊन उपयोग नाही. हिरवळ उंचसखल असेल तर फार रुंद टोप उंचवट्यावर माती खरवडतो व खोलगट भागी गवत तसेच सोडतो. ४२ इंची यंत्र ताशी ६ किलोमीटर वेगाने चालले आणि वळणे, थांबणे यांत चौथा हिस्सा वेळ गेला असे धरले, तरी तासाभरात सुमारे ४७ गुंठे कापून होतात. हा आकडा पाहून कोणासही मोह पडावा.

तथापि आपल्या डोंगरउतारावरील बागेत हा हिशेब लागू पडत नाही. याची कारणे तीन आहेत. पहिले असे की, पुढील चाकांना सुकाणू नसल्यामुळे दिशा व थांबणे हे दोन्ही मागील चाकांच्या जमिनीवरील पकडीवर अवलंबून असते. ओल्या गवतावर किंवा उतारावर ती पकड सुटली की यंत्र चालकाच्या ताब्यात राहत नाही. ते घसरत जाते व बांधावरून उलटू शकते. दुसरे असे की, हे यंत्र दर आठवड्यास कापल्या जाणाऱ्या आखूड हिरवळीसाठी बनविलेले आहे. कमरेइतके वाढलेले जाड काडीचे गवत त्याच्या टोपाखाली कोंबले जाऊन अडकते. तिसरे कारण कातळाचे. गवतात दडलेला जांभ्याचा चिरा पात्याला लागला तर पाते व त्याची कणा-दांडी दोन्ही वाकतात. यास्तव सपाट मैदान, मोठे उद्यान किंवा क्रीडांगण राखणाऱ्या संस्थेने या यंत्राचा विचार जरूर करावा. उताराच्या बागेसाठी शेतकऱ्याने तो सोडून द्यावा.

उतार मोजण्याची सोपी रीत

‘उतार फार नाही’ हे डोळ्यांनी ठरविणे धोक्याचे असते. नजर सरावलेली असली की मोठा उतारही सपाट भासतो. बसून चालविण्याच्या यंत्रांबरोबर येणाऱ्या पुस्तिकांतून सामान्यतः १५ अंशांहून अधिक उतारावर यंत्र नेऊ नये, अशी सूचना असते. काही यंत्रांची मर्यादा याहूनही कमी असते. १५ अंश म्हणजे किती, हे कोणासही घरच्या साधनांनी पाहता येईल.

नेमकी ५ फूट लांबीची सरळ काठी घ्यावी. तिचे एक टोक चढाच्या बाजूस जमिनीवर टेकवावे व दुसरे टोक उताराच्या दिशेने अधांतरी धरावे. काठीवर गवंड्याची पाणसळ ठेवून काठी समपातळीत आणावी. पाणसळ नसल्यास अर्धी भरलेली पारदर्शक बाटली आडवी ठेवली तरी काम भागते. आता अधांतरी टोकापासून खाली जमिनीपर्यंतची उंची मोजावी. ती १६ इंचांहून अधिक भरली तर उतार १५ अंशांपेक्षा जास्त आहे असे समजावे. बागेत निदान पाच ठिकाणी, त्यातही सर्वात कठीण वाटणाऱ्या जागी, हे माप घ्यावे. एखाद्या जागी जरी उंची अधिक आली, तरी त्या भागासाठी बसून चालविण्याचे यंत्र बाद समजावे.

मागून ढकलावयाचे यंत्र सपाट खाचरांच्या बांधांलगत, नारळ-सुपारीच्या समतल वाडीत अथवा शाळेच्या आवारात चांगले चालते. १८ ते २० इंच रुंदीचे यंत्र माणसाच्या संथ चालीने तासाला १० ते ११ गुंठे कापते. मात्र तेही दगडगोट्यांपासून व गडग्यांपासून दूर ठेवावे लागते, आणि गवत गुडघ्याच्या वर जाण्यापूर्वीच फिरवावे लागते. उरलेल्या सर्व ठिकाणी, म्हणजे बहुतेक डोंगरी बागांत, अंगावर घ्यावयाचे यंत्रच उपयोगी पडते. त्यामुळे यापुढील विवेचन मुख्यतः त्यासंबंधी आहे.

खांद्याला अडकवावयाचे की पाठीवरचे ?

खांद्याला पट्ट्याने अडकवावयाच्या यंत्राचा दांडा सरळ असतो आणि इंजिन मागील टोकाला असते. दोन्ही बाजूंचे वजन समतोल राहत असल्याने सपाटीवर व मंद उतारावर विळ्याप्रमाणे लयीत काम होते. अपघाताच्या प्रसंगी पट्टा चटकन् सोडून यंत्र टाकून देता येते. पाठीवरच्या यंत्रात इंजिन पाठीवर असून शक्ती लवचीक नळीतून पात्याकडे जाते. टप्प्याटप्प्यांच्या जमिनीवर, बांधाच्या उभ्या कडेवर आणि झाडांच्या दाटीत ते अधिक सोयीचे पडते. परंतु त्या नळीतील तारेस वेळोवेळी वंगण द्यावे लागते, आणि संकटसमयी यंत्र अंगावेगळे करण्यास अधिक वेळ लागतो.

इंजिनाचेही दोन प्रकार आहेत. दोन-फेरी, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिन वजनाला हलके असते व कसेही तिरपे धरले तरी चालते. मात्र त्याच्या पेट्रोलमध्ये ठरावीक तेल मिसळावे लागते. चार-फेरी इंजिनात तेल वेगळे भरतात. त्यास पेट्रोल कमी लागते व धूर कमी होतो. मिश्रणाच्या बाबतीत अंदाज मुळीच चालत नाही. पुस्तिकेत ५० भागांस १ भाग असे प्रमाण दिले असेल तर १ लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर तेल लागते. २५ भागांस १ भाग असेल तर ४० मिलिलिटर. तेल कमी पडल्यास दट्ट्या जाम होऊन इंजिन निकामी होते, आणि अशी दुरुस्ती बहुधा नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीपर्यंत जाऊन भिडते. औषध मोजण्याचे लहान माप यासाठी यंत्राबरोबरच बांधून ठेवावे.

हल्ली विजेच्या संचावर, म्हणजे बॅटरीवर, चालणारी यंत्रेही मिळतात. त्यांचा आवाज व कंप कमी असतो. घराजवळच्या लहान वाडीस ती योग्य होत. घरापासून लांब असलेल्या बागेत दिवसभराचे काम करावयाचे तर भरलेले संच किती न्यावे लागतील, हे आधी पाहावे.

दोरी की पाते ?

कोवळे, मऊ गवत आणि दगडांच्या कडेचे गवत यांसाठी नायलॉनची दोरी बरी. दगडाला लागली तर ती झिजते, पण काही मोडत नाही. उंच, जून गवत व बारीक झुडुपे यांसाठी दोन किंवा तीन दाती लोखंडी पाते लागते. बोटाएवढ्या जाडीची रोपटी तोडावयाची असल्यास अनेक दातांचे गोल पाते वापरतात. एकाच यंत्राला या तिन्ही वस्तू बसतात किंवा कसे, याची खात्री खरेदीच्या वेळीच करून घ्यावी.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. नायलॉनची दोरी मऊ असल्यामुळे ती झाडास अपाय करीत नाही, असा गैरसमज पुष्कळांचा आहे. वेगाने फिरणारी दोरी कोवळ्या कलमाची साल क्षणार्धात सोलते. साल सर्व बाजूंनी निघाली तर मुळांकडे अन्न जाणे बंद होऊन कलम काही काळाने वाळते, आणि मालक रोगाचे औषध शोधीत बसतो. म्हणून प्रत्येक लहान कलमाभोवती दोन-अडीच फुटांचे आळे विळ्याने आधी हाताने साफ करावे आणि यंत्र त्या कडेच्या आत कधीही नेऊ नये.

एका गुंठ्याची परीक्षा

यंत्र दुकानात सुरू करून पाहणे ही परीक्षा नव्हे. खरी परीक्षा स्वतःच्या बागेतील एका गुंठ्यात होते. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा चौरस दोरीने आखून चार खुंट्या ठोकाव्यात. हा एक गुंठा झाला. गुंठा निवडताना रस्त्याकडेचा सोपा तुकडा न घेता उतार, दगड व उंच गवत असलेला तुकडा घ्यावा. यंत्र विक्रेत्याच्या सराईत माणसाच्या हाती न देता पुढे जो माणूस ते चालविणार आहे त्याच्या हाती द्यावे. टाकी खुणेपर्यंत भरावी, घड्याळ लावावे व गुंठा कापून घ्यावा. नंतर टाकी पुन्हा त्याच खुणेपर्यंत मापाने भरावी. जितके पेट्रोल पुन्हा घालावे लागले तितके त्या गुंठ्याला खर्ची पडले.

समजा, गुंठ्याला १२ मिनिटे व १४० मिलिलिटर पेट्रोल लागले. एकरात ४० गुंठे असतात. म्हणजे एकरास ८ तास आणि ५.६ लिटर पेट्रोल लागेल. परंतु माणूस सलग ८ तास हे यंत्र धरू शकत नाही. दर पाऊण तासाने विश्रांती, पेट्रोल भरणे, दोरी बदलणे, दगड वेचणे हे सारे जमेस धरता दिवसाला साडेपाच तासांचे प्रत्यक्ष काम होते. म्हणजे एकरास दीड दिवस लागतो. तीन एकरांची बाग असेल तर साडेचार दिवस.

एवढ्या साध्या परीक्षेने तीन गोष्टी कळतात : काम किती दिवस चालेल, खर्च किती येईल, आणि चालविणाऱ्याच्या खांद्याला, कमरेला व हातांना ते सोसते की नाही. यंत्र जड असल्यामुळे दुपारी काम टाकावे लागत असेल, तर अधिक ताकदीच्या इंजिनाचा लाभ कागदावरच राहतो.

विकत घ्यावे की भाड्याने आणावे ?

या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने द्यावे, हौसेने नव्हे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत; प्रत्येकाने आपल्या गावचे भाव त्यात घालावेत.

यंत्राची किंमत २४,००० रुपये, ते पाच वर्षे टिकेल व शेवटी त्याचे ४,००० रुपये येतील असे धरले, तर दरवर्षी ४,००० रुपये घसारा पडतो. गुंतलेल्या सरासरी १४,००० रुपयांवर दहा टक्क्यांनी १,४०० रुपये व्याज होते. दुरुस्ती व सुटे भाग १,६०० रुपये. असा वर्षाचा बांधील खर्च ७,००० रुपये झाला. याखेरीज प्रत्येक एकरास पेट्रोल-तेलाचे ६०० रुपये आणि दीड दिवसाची मजुरी, दिवसाला ८०० रुपये धरून, १,२०० रुपये. एकूण १,८०० रुपये. याउलट यंत्र व पेट्रोल घेऊन येणारा माणूस दिवसाला २,००० रुपये घेत असेल, तर दीड दिवसाचे एकरी ३,००० रुपये होतात. म्हणजे स्वतःच्या यंत्रामुळे एकरी १,२०० रुपये वाचतात. ७,००० रुपये भरून निघण्यास वर्षाकाठी सुमारे सहा एकर कापणी झाली पाहिजे.

तीन एकरांच्या मालकाने वर्षातून दोनदा कापणी केली तर त्याचा हिशेब कसाबसा बरोबरीला येतो. तो एकदाच कापणी करीत असेल तर त्याने यंत्र भाड्याने आणावे हेच शहाणपणाचे. चार शेजाऱ्यांनी मिळून एक यंत्र घेतल्यास चित्र पालटते. बारा एकरांची एकेक कापणी झाली आणि झीज दुप्पट होऊन दुरुस्तीचा खर्च ३,२०० रुपये धरला, तरी बांधील खर्च एकरी सुमारे ७२० रुपये व चालू खर्च १,८०० रुपये मिळून २,५२० रुपये पडतात. भाड्याच्या यंत्रापेक्षा हे स्वस्त आहे. बारा एकरांना १८ दिवस लागतात. त्यामुळे महिन्याभराच्या मुदतीत पाऊस व बिघाड यांसाठीही अवकाश राहतो. सहा जणांनी एकत्र येऊन १८ एकर काढावयाचे ठरविले तर २७ दिवस लागतील आणि शेवटच्याची पाळी येईपर्यंत त्याचे गवत वाळून जाईल. म्हणून भागीदारी करताना पैशाचा हिशेब आणि दिवसांचा हिशेब दोन्ही करावेत. पाळी कशी लावावयाची व मोडतोड झाल्यास खर्च कोणी सोसावयाचा, हे आधी कागदावर लिहून सर्वांनी सह्या केलेल्या बऱ्या.

कापणी केव्हा व कशी करावी

पावसाचा जोर ओसरल्यावर, परंतु गवत हिरवे असतानाच मुख्य कापणी करावी. याला दोन कारणे आहेत. हिरवे गवत यंत्राला हलके जाते. शिवाय वाळलेल्या गवतात लोखंडी पाते दगडावर घासून ठिणगी उडू शकते आणि तापलेली धुराची नळी गवतावर टेकली तरी आग लागू शकते. वणवा टाळण्यासाठी आणलेल्या यंत्रानेच वणवा लागावा, यापरते दुर्दैव नाही. उशीर झालाच तर सकाळी दव असताना काम करावे, पाण्याचा डबा जवळ ठेवावा व काम संपल्यावर तासभर तेथून हलू नये.

गवत मुळापासून खरवडू नये. दोन ते तीन इंचांचे खुंट राखावेत, म्हणजे परतीच्या पावसात माती वाहत नाही. उताराला आडवे चालावे. वरखाली चालल्याने पाय घसरतो. बहुतेक यंत्रांत पाते वरून पाहता डावीकडे, घड्याळाच्या उलट, फिरते. म्हणून उजवीकडून डावीकडे कापीत न्यावे. कापलेले गवत डावीकडे ओळीने पडते. पात्याची पुढची उजवी कड खुंटाला किंवा दगडाला लागल्यास यंत्र जोराने उसळी मारते, हे विसरू नये.

कापलेले गवत गुरांना घालावे किंवा झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरावे. त्यायोगे ओल टिकते. आच्छादन बुंध्याला चिकटू देऊ नये. बागेच्या हद्दीवर मात्र निदान १० फूट रुंदीचा पट्टा गवत-पाचोळ्यापासून पूर्णपणे मोकळा ठेवावा. वणवा अडविणारा हाच पट्टा होय. तेथे कापलेले गवत पडून राहिले तर कापणीचा अर्धा हेतू फुकट जातो.

दक्षता

या यंत्राने उडविलेला खडा डोळा घेऊ शकतो. म्हणून चष्मा किंवा जाळीचा मुखवटा, कानांसाठी बोळे, जाड बूट व पूर्ण पायांचे कपडे यांवाचून यंत्र हाती धरू नये. पात्यावरील संरक्षक पत्रा काढून टाकण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी आढळते. ती कटाक्षाने मोडावी. १५ मीटरच्या, म्हणजे सुमारे ५० फुटांच्या, आत दुसरे माणूस, मूल वा जनावर असू नये. अडकलेले गवत काढण्यापूर्वी इंजिन बंद करून पाते थांबेपर्यंत वाट पाहावी. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये. काम सुरू करण्यापूर्वी काठीने गवत बडवीत बागेतून एक फेरी मारावी. दगड, तारा, बाटल्या दिसतात आणि साप-किरडू वाट सोडते.

हंगाम संपल्यावर टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे व उरलेले संपेपर्यंत इंजिन चालवावे. आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. महिनोन् महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलामुळे पुढील हंगामात यंत्र सुरू होत नाही, अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

खरेदी करताना

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांखाली अनुदान मिळू शकते. अनुदानाचे प्रमाण यंत्राच्या प्रकारावर व शेतकऱ्याच्या वर्गवारीवर अवलंबून असते. महाराष्ट्रात त्यासाठी महाडीबीटी या संकेतस्थळावर अर्ज करावयाचा असतो. पूर्वसंमती हाती येण्यापूर्वी यंत्र खरेदी करू नये. तसे केल्यास अनुदान हुकते. शासनमान्य केंद्रात परीक्षण झालेल्या यंत्रालाच पसंती द्यावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था अशी परीक्षणे करीत आली आहे. विक्रेत्याकडे परीक्षणाचा अहवाल मागण्यात संकोच बाळगू नये. मात्र अनुदान मिळते म्हणून न लागणारे यंत्र घेणे हा तोट्याचाच व्यवहार ठरतो. कारण अनुदान किंमत कमी करते, पेट्रोल व दुरुस्ती नव्हे.

दुकानात जाण्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्यास भेटावे. कोणत्या यंत्राचे सुटे भाग दोन दिवसांत मिळतात, हे त्याच्याइतके कोणी खरे सांगणार नाही. ऐन हंगामात आठ दिवस बंद पडलेल्या यंत्राची स्वस्ताई काय कामाची ? पक्की पावती, इंजिनाचा क्रमांक व हमीपत्र घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी श्रावण-भाद्रपदात एखाद्या बागेत एका गुंठ्याच्या परीक्षेचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. ५ फुटांची काठी, दोरी, घड्याळ व पेट्रोलचे माप एवढ्या साहित्यावर ते पार पडते. शेतकऱ्यांनी स्वतः यंत्र हाती धरावे, वेळ टिपावी व आपापल्या बागेचा हिशेब तेथल्या तेथे मांडावा. कोणते यंत्र घ्यावे हे कार्यकर्त्याने सांगू नये. ते कसे ठरवावे हे दाखवून द्यावे.

सारांश, उतार काठीने मोजावा, काम गुंठ्याने मोजावे, खर्च एकराने मोजावा आणि मुदत दिवसांनी मोजावी. या चार मापांत जे यंत्र बसेल ते आपले. मग ते विकतचे असो, भागीदारीचे असो वा भाड्याचे असो, दिवाळीचे दिवे लागण्यापूर्वी बागेतील गवत खाली आलेले असले म्हणजे झाले.